ओव्हाळांची चिकटपट्टी

अशोक ओव्हाळ गेल्याचं मला कंपनीच्या मोबाइल ग्रुपवर कळलं, आणि पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं, शिसारी होती. गुलाबाच्या पाकळ्यांची चौकट, मधे पणती, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याखाली जोडलेल्या हातांची लांबच लांब रांग. सकाळी कंपनीच्या बसला जायचं म्हणून माणूस बूट घालायला खाली बसला तो उठलाच नाही, आणि ती बस चाकणच्या चौकात पोचायच्या आत लोक हात जोडून मोकळेही झाले होते. त्या हातांच्या मधेच कुणीतरी विचारलं होतं, शनिवारी कँटीन चालू आहे का. त्याला उत्तरही आलं होतं. मी त्याच बसमध्ये बसले होते. सांगवीहून निघालेली बस काळेवाडीला थांबली तेव्हा ओव्हाळ स्टॉपवर दिसले नाहीत, म्हणून रजा टाकली असेल असं समजून मी त्यांच्यासाठी शेजारच्या सीटवर ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली होती... आता ती पुन्हा त्या सीटवर ठेवली आणि खिडकीबाहेर अडकलेल्या कंटेनरच्या चाकांकडे बघत राहिले.

त्यानंतरच्या दिवसांत शिसारी यायला कारणं कमी पडली नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. त्यावर ओव्हाळांचा फोटो कंपनीच्या ओळखपत्रावरून घेऊन आडवा ताणलेला, त्यामुळे कान फाकलेले, आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून ओळीने छापलेले चेहरे त्यांच्यापेक्षा मोठे आणि झाडून सगळे हसणारे. मग कंपनीच्या कँटीनमध्ये शोकसभा झाली. प्रशासन विभागाचे साहेब बोलायला उभे राहिले. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण छापून आलेलं त्यांना फार आवडतं. ओव्हाळ हयात असताना साहेब त्यांना ‘ते कॉम्प्युटरवाले’ म्हणायचे, आता ते कंपनीचा कणा झाले होते. भाषणाच्या शेवटी त्यांनी घोषणा केली. काळेवाडीच्या अभ्यासिकेत ओव्हाळांनी उभी केलेली जुनी मशीनं आता बंद पडली आहेत, ती टेम्पो पाठवून उचलून घेऊ आणि तिथे ओव्हाळांच्या नावाची नवी संगणक लॅब देऊ. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. चहाच्या वेळी मी साहेबांना गाठून विचारलं की नवी मशीनं कधी येणार. ते म्हणाले, पुढच्या आर्थिक वर्षात बघू, नावाची पाटी मात्र तयार आहे. म्हणजे टेम्पो लगेच, पाटी लगेच, आणि मशीनं बघू. कप तसाच ठेवून मी जागेवर गेले.

त्या मशीनसाठी ओव्हाळांनी काय केलं हे मी पाहिलेलं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कंपनीच्या आयटी विभागात आम्ही कित्येक वर्षं शेजारी बसलो. ते मला मॅडम म्हणायचे, मी त्यांना ओव्हाळ. अहोजाहो शेवटपर्यंत सुटलं नाही, आणि ते सुटावं असं दोघांनाही कधी वाटलं नाही. आमचं जमलं ते किळसेवरून. मी नवीन असताना शॉप फ्लोअरवरचं, म्हणजे जिथे प्रत्यक्ष उत्पादन चालतं तिथलं, एक संगणकाचं मशीन बंद पडलं आणि आम्ही दोघं ते बघायला गेलो. ओव्हाळांनी खिशातून रुमाल काढून नाकावर बांधला, पिशवीतून घर रंगवायचा ब्रश काढला आणि डब्याची बाजू उघडली. आत तेलात भिजलेल्या धुळीचा थर होता, गुटख्याची पुडी होती आणि पंख्याखाली वाळून कोळसा झालेली पाल होती. मला उमासा आला. ओव्हाळांनी ‘शी’ म्हटलं, पण म्हणताना हात आत घातलेला होता. पाल कागदावर घेत ते म्हणाले, “माणूस आख्खी शिफ्ट ज्याच्यासमोर बसतो ना मॅडम, त्याच्या आत एकदाही डोकावत नाही.” घाण बघून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात, मी स्वतः त्यातलीच. ओव्हाळ नाक बांधून हात घालणारे होते. घाणीचा राग मात्र त्यांना माझ्याइतकाच यायचा, आणि तो ते लपवत नसत. बसमध्ये कुणी खिडकीतून पिचकारी मारली तर ते त्याला उठवून स्वतःच्या बाटलीतलं पाणी देत आणि बसची बाजू धुऊन ये म्हणत. लोक त्यांना सणकी म्हणायचे. मला त्यांच्याशेजारी बसलं की बरं वाटायचं.

त्यांची आणखी एक खोड सांगायला हवी. दुरुस्त केलेलं मशीन चालू झालं की आम्ही बाकीचे उठून हात धुवायला जायचो. ओव्हाळ जात नसत. ज्याचं ते मशीन असेल त्याला बोलवून, खुर्चीवर बसवून, त्याचं रोजचं काम करायला लावत आणि मागे उभे राहून बघत. “चालू झालं म्हणजे झालं नव्हे. चला, आता माणूस बसवा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणूस बसला, त्याचे हात चालायला लागले, की मगच रुमाल सुटायचा.

त्यांचे वडील राजगुरुनगरकडच्या एका गावातून पिंपरीला कारखान्यात कामाला आले आणि काळेवाडीत राहिले. ओव्हाळांनी तिथेच राहून डिप्लोमा केला, नोकरी धरली, घर बांधलं. बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर वस्तीची अभ्यासिका होती. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं-मुली तिथे बसत, पण आता सराव परीक्षाही संगणकावर द्याव्या लागतात आणि संगणक कुणाकडेच नाही, ही ओव्हाळांची रोजची तक्रार होती. त्या सुमारास कंपनीने जुनी मशीनं बदलायची ठरवली. भंगारात टाकण्यापेक्षा अभ्यासिकेला द्या, असा अर्ज ओव्हाळांनी केला. साहेबांना कल्पना एकदम पसंत पडली. समाजकार्याच्या अहवालात फोटो लागतातच. तारीख ठरली, बॅनर छापायला गेला.

ही मशीनं इतकी जुनी होती की त्यांना नवी विंडोज झेपली नसती, आणि जुनीचा परवाना कंपनीचा. म्हणून ओव्हाळांनी विंडोजच्या जागी लिनक्स टाकायचं ठरवलं. ते हलकं, विनामूल्य आणि त्यांच्या हातचं. ऑफिसातून आलेली मशीनं निमूट तयार झाली. शॉप फ्लोअरवरून आलेली मात्र एका ठरावीक जागी येऊन थिजायला लागली. लिनक्स टाकताना ते सुरुवातीलाच आत काय काय जोडलेलं आहे ते तपासतं. एकेकाला हाक मारावी तसं डिस्कला विचारतं, कीबोर्डला विचारतं, आवाजाच्या कार्डाला, नेटवर्कच्या कार्डाला. जो ओ देईल त्याचं नाव पडद्यावर एका ओळीत उमटतं. अशा ओळी भराभर वर सरकत असायच्या, नेटवर्क कार्डाचं नाव यायचं आणि सगळं ठप्प. कीबोर्ड दाद देत नसे, माउस दाद देत नसे, बटण दाबून धरून मारून टाकण्याशिवाय इलाज नसे. आणि हे एका मशीनचं नव्हे, शॉप फ्लोअरच्या सगळ्याच मशीनचं.

मला वाटलं, सरळच आहे, नेटवर्क कार्ड खराब. मी एकातलं कार्ड काढून टाकलं. आता ते त्याच्या आधीच्या ओळीवर थिजलं. मग मी त्या ओळीच्या मागे लागले. इंटरनेटवर लोकांनी सुचवलेल्या नाना सूचना सुरुवातीला देऊन बघितल्या, हे तपासू नको, ते तपासू नको. काही फरक पडला नाही. ओव्हाळ बराच वेळ माझी धडपड बघत होते. मग म्हणाले, “शेवटी ज्याचं नाव दिसतं ना मॅडम, तो बिचारा ओ देऊन मोकळा झालेला असतो. त्याला धरून काय उपयोग? अडवणाऱ्याचं नाव पडद्यावर येतच नाही.”

तेवढ्यात साहेब पाहणीला आले. समारंभाचा दिवस तोंडावर आला होता आणि निम्मी मशीनं काळी होती. ओव्हाळांनी थोडी मुदत मागितली. साहेबांनी एका मशीनवर हात ठेवला, धूळ लागली म्हणून तो पँटला पुसला आणि हसून म्हणाले, “चालतात की नाही ते कोण बघणारे? फोटो उजेडात काढायचेत. उजेडात स्क्रीन काळीच दिसते.” शेजारी उभा असलेला त्यांचा माणूसही हसला. माणसं वाईट असतात याचं मला फारसं काही वाटत नाही, पण त्यांना आपला वाईटपणा विनोद वाटतो तेव्हा सहन होत नाही. ओव्हाळांनी फक्त साहेबांनी हात ठेवला होता ती जागा ब्रशने झाडली.

परतीच्या बसमध्ये भोसरी मागे पडल्यावर ते बोलायला लागले. त्यांची आजी गावात असताना मोठ्या घरांतून उतरलेले कपडे आणि उरलेलं अन्न आणायची. त्यांच्या वडिलांनी शहरात आल्यावर पहिली गोष्ट कोणती केली असेल तर घरात उतरलेलं काही आणायचं नाही असं ठरवलं. एकदा कारखान्यातल्या कुणा अधिकाऱ्याने मुलासाठी म्हणून आपल्या मुलाचे जुने बूट दिले. वडिलांना तोंडावर नाही म्हणता आलं नाही. घरी आल्यावर त्यांनी ते ओव्हाळांना दाखवले, तळ उसवलेला आहे हे बोट घालून दाखवलं आणि बाहेर नेऊन टाकले. ओव्हाळांच्या पायात तेव्हा काही नव्हतं. “त्या घरात मी आता ही उतरलेली मशीनं नेतोय,” ते म्हणाले. “निदान ती चालली तरी पाहिजेत. साहेब फोटो काढून जातील... मला तिथं रोज राहायचंय.” मग खिडकीबाहेर बघत सावकाश म्हणाले, “तळ उसवलेलं मी कुणाला देणार नाही, मॅडम.”

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं कंपनीच्या स्टोअरमध्ये बसलो. ओव्हाळांनी एक मशीन टेबलावर घेतलं आणि आतलं जे जे निघतं ते सगळं काढून ठेवलं. त्यांची पद्धतच ती होती. काय बिघडलंय याचा तर्क करत बसायचं नाही, आधी सगळं काढायचं, नुसता सांगाडा चालतो का बघायचं, मग एकेक परत जोडत जायचं आणि दर वेळी पहिल्यापासून चालू करायचं. कंटाळवाणं काम. मी दोनदा चहा करून आणला. कार्डं लागली, चाललं. डिस्क लागली, चाललं. शेवटी डब्याच्या पुढच्या बाजूला पेन ड्राइव्ह लावायची जी चौकोनी खाच असते, तो पोर्ट, त्याची आतली वायर तेवढी राहिली. ती लावली आणि मशीन थिजलं. काढली, चाललं. पुन्हा लावली, पुन्हा थिजलं. ओव्हाळांनी बॅटरी घेऊन पोर्टच्या आत उजेड टाकला आणि मला बोलावलं.

आत कुंकू होतं. वर्षानुवर्षांचं, थरावर थर बसलेलं, पाण्यात कालवून लावलेलं आणि वाळून दगड झालेलं. त्यात हळदही होती आणि एक तांदळाचा दाणा आडवा रुतून बसला होता.

आमच्या पट्ट्यात खंडेनवमीला प्रत्येक कंपनीत यंत्रांची पूजा होते. प्रेस, लेथ, फोर्कलिफ्ट, सगळ्यांना हार, सगळ्यांना गंध. शॉप फ्लोअरवरच्या संगणकांनाही. डब्याला कपाळ कुठलं, तर पुढच्या बाजूला मधोमध जिथे अंगठा नेमका बसतो ती जागा, आणि तिथेच पोर्ट. कंपनीत पेन ड्राइव्ह लावायला बंदी, त्यामुळे ते पोर्ट पहिल्या दिवसापासून विंडोजमध्येच बंद करून ठेवलेले. जुनी विंडोज त्यांना कधी काही विचारतच नव्हती, म्हणून कुणाला पत्ता नाही. लिनक्स नवीन आलेलं, त्याने इमानदारीत सगळ्यांना हाक मारली, आणि त्या पोर्टच्या तोंडात कुंकवाचा बोळा होता. आमच्या ऑफिसात हार नुसते मॉनिटरला घालत, म्हणून तिथली मशीनं वाचली होती.

मी देवधर्म न मानणारी बाई नाही. घरी माझ्याही शिलाई मशीनला खंडेनवमीला हळदकुंकू लागतं. ओव्हाळ बौद्ध, कंपनीतल्या पूजेच्या वेळी ते लांब उभे राहून पेढा तेवढा घेत. त्या दिवशी ते काहीतरी टोचून बोलतील आणि मला ते मुकाट्याने ऐकून घ्यावं लागेल, अशी माझी तयारी होती. तसं ते बोलले नाहीत. दाढीच्या जुन्या ब्रशवर स्पिरिट घेऊन ते कुंकू मऊ करत राहिले, आणि तांदळाचा दाणा निघाला तेव्हा तळहातावर घेऊन म्हणाले, “एवढी वर्षं पूजा केली, आणि आत कुणी पाहिलं नाही.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

सगळी मशीनं साफ झाली. जी साफ होईनात त्यांच्या पोर्टची वायर कायमची काढून टाकली. समारंभाच्या दिवशी ओव्हाळ सगळ्यांच्या आधी अभ्यासिकेत पोचले होते. मी गेले तेव्हा ते वाकून एकेका मशीनच्या पुढच्या पोर्टवर खोक्यांना लावतात ती तपकिरी चिकटपट्टी चिकटवत होते. मी विचारलं, हे काय. म्हणाले, साहेब येतायत. आणि खरोखरच साहेबांच्या मागोमाग ताट आलं, नारळ आला, हळदकुंकू आलं. बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर आपण उभे आहोत हे ताट आणणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. साहेबांनी फोटोवाल्याकडे बघत एकेका मशीनला अंगठा लावला. प्रत्येक अंगठा चिकटपट्टीवर उमटला. मला हसू आवरेना म्हणून मी तोंडाला पदर लावला, आणि फोटोत मी भारावून गेलेली दिसते. पाहुणे गेल्यावर ओव्हाळांनी पट्ट्या बदलल्या आणि मुलांना म्हणाले, चला, आता बसा.

कोपऱ्यातल्या एका मशीनमध्ये त्यांनी सगळ्या सराव परीक्षा, पुस्तकं, नकाशे भरले आणि बाकीची मशीनं वायरने त्याला जोडली. इंटरनेट नसलं तरी चालायचं, सगळी मशीनं कोपऱ्यातल्याकडून मागून घ्यायची. पुढे कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी ओव्हाळ त्या कोपऱ्यातल्या मशीनवर बसलेले असत. त्या अभ्यासिकेतून पास झालेल्यांची यादी ते बसमध्ये मला ऐकवत. मीही ती दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत असे.

शोकसभेनंतर काही आठवड्यांनी त्यांच्या पत्नीचा, सुनंदावहिनींचा फोन आला. अभ्यासिकेतला अभ्यास बंदच आहे, म्हणाल्या. हे गेले आणि मशीनंही गेली, असंच सगळे म्हणतायत. टेम्पो सोमवारी येणार आहे. मग थोडं थांबून म्हणाल्या, “तुम्ही एकदा बघून जाता का? भंगारात गेलं तर यांनी आयुष्यभर भंगारच जमवलं असं व्हईल ओ.” मी म्हटलं, रविवारी येते.

रविवारी गेले. विहार समितीचे कांबळेकाका, कारखान्यातून निवृत्त झालेले, किल्ल्या घेऊन आले. दार उघडलं आणि आधी वास आला, अगरबत्तीचा आणि सडत चाललेल्या झेंडूचा. कोपऱ्यातल्या मशीनवर ओव्हाळांचा तो ताणलेला फोटो उभा केला होता. फोटोला हार, मशीनला हार, दोन्ही ताजे, पाणी मारलेले, आणि खाली जमिनीवर आदल्या दिवसांचे हार टोपलीत काळे पडत होते. डब्यावर मेणबत्तीचं मेण ओघळलेलं, पोर्टच्या आसपास अगरबत्तीची राख. त्यांची खुर्ची पांढऱ्या चादरीने झाकलेली. बाकीची मशीनं मी एकेक करून चालू केली, तर सगळ्यांवर एकच संदेश, जिथून माहिती घ्यायची ते मशीन सापडत नाही. त्यांना सापडणार कसं, ते बंद करून त्याला हार घातला होता.

शोकसभेपासून जे जे गिळलं होतं ते सगळं त्या क्षणी वर आलं. साहेबांची मला किळस येते, ती मला पेलते. पण ही ओव्हाळांची माणसं होती, त्यांच्या हाताखाली शिकलेली. मी ताडकन विचारलं की हे बंद कुणी केलं. कांबळेकाका माझ्याकडे बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, “आमीच केलं ओ ताई. सरांचं मशीन हाय ते. त्याला आता हात कसा लावावा? रोज पोरी पुसत्यात, हार घालत्यात. सर बसायचे तिथं दुसरं कोन बसनार?” त्यांना खरंच माहीत नव्हतं की बाकीची मशीनं याच्यावरच चालतात. लोक रोज अडून बसलेल्या पडद्यांसमोर उभं राहून हळहळत होते, आणि ज्याने अडवलं होतं त्याच्याकडे तोंड करून हात जोडत होते.

मी हार काढले. काका एक पाऊल मागे सरले. बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर ओळी यायला लागल्या. कीबोर्डचं नाव आलं, डिस्कचं आलं, नेटवर्क कार्डाचं आलं... आणि ओळी थांबल्या. तिथेच. मी बधिर होऊन त्या शेवटच्या नावाकडे बघत राहिले. मग भानावर आले. त्या बिचाऱ्याने ओ दिली होती.

पुढचा पोर्ट पाहिला. चिकटपट्टी नव्हती. फोटो मांडायच्या दिवशी मुलींनी मशीन घासूनपुसून लख्ख केलं, तेव्हा ती निघाली होती. हारातलं पाणी रोज थेंबाथेंबाने आत गेलं होतं आणि त्यावर राख आणि झेंडूच्या पाकळ्या बसल्या होत्या. कुंकू नव्हतं, इतकाच फरक. मी कोपऱ्यातला त्यांचा खण उघडला. रुमाल होता, दाढीचा ब्रश होता, स्पिरिटची बाटली होती आणि तपकिरी चिकटपट्टीचं रीळ होतं. रुमाल धुऊन घडी करून ठेवलेला. तो मी नाकावर बांधला आणि हात घातला. पाकळ्या काढल्या, राख काढली, आणि तरी धोका नको म्हणून आतली वायर सोडवून बाजूला बांधून टाकली. काका शेजारी बॅटरी धरून उभे होते. मी त्यांना पोर्टच्या आत बघायला लावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाले, “आमीच घान केली व्हय.” मी नाही म्हटलं नाही.

पुन्हा बटण दाबलं. या वेळी ओळी थांबल्या नाहीत. भिंतीकडेच्या मशीनवरचे संदेश एकेक करून गेले आणि त्या जागी सराव परीक्षांची नावं आली. काकांनी घाईघाईने फोन काढला, टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगतो म्हणाले, आणि सुनंदावहिनींनाही सांगतो. फोटो मी त्यांच्या हातात दिला. भिंतीवर लावा, म्हटलं, हार तिथे घाला, रोज घाला. पोर्टवर नवी पट्टी चिकटवली. तोवर आवाज ऐकून खालून काही मुली वर आल्या होत्या आणि दाराशीच थांबल्या होत्या. बाकीच्या मशीनसमोर त्या लगेच बसल्या. कोपऱ्यातली खुर्ची मात्र तशीच राहिली, चादर घातलेली, आणि सगळ्याजणी ती सोडून इकडेतिकडे बघत होत्या.

मी चादर काढून घडी केली. रुमाल अजून माझ्या नाकावरच होता, तो सोडवायचं माझ्या मनात येईना. जागा न मिळालेली एक मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिला मी हाताला धरून आणलं आणि त्या खुर्चीवर बसवलं. ती अवघडून कडेला टेकली, काकांकडे बघितलं, काकांनी मान हलवली. मग तिने परीक्षा उघडली, पहिला प्रश्न वाचला, आणि थोड्या वेळाने खुर्ची ओढून पुढे घेतली. मी मागे उभी राहून तिचे हात बघत होते. ते चालायला लागल्यावर मी रुमाल सोडला.